बचत

कऱ्हाडजवळ टेंभूला कृष्णेचं पाणी उचलतात आणि टप्प्याटप्प्यानं पंप करत आटपाडीकडे नेतात. नदी साताऱ्यातली, शिवार सांगलीतलं. योजनेला मंजुरी मिळाली १९९६ साली, म्हणजे योजना आणि मी जवळपास एकाच वयाचे. आटपाडी माझं आजोळ. 'यंदा बजेटमध्ये पैसे धरलेत' हे मामांचं वाक्य ऐकतच मी मोठा झालो. दारात तेव्हा टँकर यायचा.

सॉफ्टवेअर लिहिण्याचा धंदा, त्यामुळे या पैशांचा माग काढताना माझी नजर आधी मर्यादेवर गेली. विधानसभा मागण्या मंजूर करते, मग विनियोजन कायदा होतो. त्यातल्या रकमेपलीकडे सरकारला खर्च करता येत नाही. जास्त लागले तर पुरवणी मागणी आणायची. महाराष्ट्रात तरतुदीची वाटणी 'बीम्स' या संगणकप्रणालीवर चालते. वरून खाली येत रक्कम आहरण व संवितरण अधिकाऱ्याच्या नावावर पडते, आणि शिल्लक नसेल तर बिल कोषागारापर्यंत जातच नाही. आमच्या भाषेत एका ओळीची अट.

वर्ष संपल्यावर कॅगचे विनियोजन लेखे येतात. मागणीनुसार तरतूद, खर्च आणि फरक. जास्त खर्च झाला असेल तर लोकलेखा समिती तपासते आणि अनुच्छेद २०५ खाली तो विधानमंडळाकडून नियमित करून घ्यावा लागतो. कमी झाला असेल तर त्या रकान्याचं नाव 'बचत'.

आमच्याकडे बचत म्हणजे आईची पोस्टातली आरडी. इथे तिचा अर्थ न झालेलं कामही असू शकतो. कारणं लिहावी लागतात, पण मर्यादा मोडलेली नसते. ३१ मार्चला पैसा परत जातो, एवढंच. जमेच्या बाजूला तर मर्यादा नाहीच, नुसता अंदाज आहे. कर कमी जमला, तर कागदावरची तरतूद तशीच राहून हातात येणारा निधी कमी होऊ शकतो.

टेंभूला उशीर का झाला याची कारणं अनेक आहेत, ती सगळी या रकान्यांत सापडणार नाहीत. पण मर्यादा पाळली म्हणजे काम झालं, असं मी आता समजत नाही. कायदा छत घालतो, जमीन देत नाही.

म्हणून मामांना सांगितलंय, किती धरले एवढ्यावर थांबू नका. किती सुटले आणि किती खर्चले तेही विचारा. पाणी किती शेतांत पोचलं, हा रकाना विनियोजन लेख्यांत नसतो. तो बांधावर उभं राहून तुम्हालाच भरायचाय.