तीन पाळ्यांची आई

गेल्या वर्षी ऐन परीक्षेच्या तोंडावर मी मावशी झाले. ताईला आठव्या महिन्यातच कळा सुरू झाल्या आणि जिल्ह्याच्या सरकारी रुग्णालयात बाळ जन्माला आले. वजन अवघे १६०० ग्रॅम! शस्त्रक्रियेनंतर ताई एका खाटेवर, बाळ काचेपलीकडे आणि बाहेरच्या बाकावर आई व मी.

बाळाला डॉक्टर वाचवतात, अशी माझी भाबडी समजूत होती. डॉक्टर येत, तपासत, सूचना लिहीत आणि पुढच्या बाळाकडे वळत. त्यांचे उपकार आहेतच. पण उरलेला सारा दिवस आणि सारी रात्र त्या मुठीएवढ्या जिवाचे करायचे कोणी? काचेतून पाहता पाहता उत्तर मिळत गेले. ताईने वाटीत काढून दिलेले दूध दर दोन तासांनी आधी नळीने, पुढे वाटी-चमच्याने पाजायचे. अंग गार तर पडले नाही ना, ते पाहायचे. श्वास मोजायचे, लघवीची नोंद ठेवायची, रोज वजन करायचे. हे सारे सिस्टर करीत. दुपटी-लंगोट नेणे-आणणे, फरशी पुसणे आयाबाईंकडे. त्यांना सगळे मावशीच म्हणत. नात्याची मावशी मी, पण कामाची मावशी त्या! पाळ्या बदलत, चेहरे बदलत. नोंदवही मात्र या हातातून त्या हातात जाई.

दहाव्या रात्री सिस्टरांनी ताईला बोलावले. बाळाला उघड्या छातीशी बांधून आईच्या अंगाची ऊब द्यायची होती. पण ताईला ताप भरला होता. "मग ही मावशी कशाला आहे?" सिस्टर म्हणाल्या. मी बांगड्या, घड्याळ उतरवले, कोपरापर्यंत हात धुतले. ते इवलेसे अंग उराशी आले आणि भीतीने माझाच श्वास अडकला. "अगं, तू स्वस्थ बस, म्हणजे तोही स्वस्थ निजेल."

१९७८ साली कोलंबियातील बोगोटा येथे, काचपेट्या अपुऱ्या होत्या म्हणून, डॉ. एडगर रे यांनी ही पद्धत सुरू केली, हे मी नंतर वाचले. २०२२ साली जागतिक आरोग्य संघटनेने तर अशा बाळांना जन्मल्याबरोबर ही ऊब द्यावी, अशी शिफारस केली आहे. त्या रात्री मला एवढेच कळत होते, की तो निजला आहे.

ताई सावरली, तसे सिस्टरांनी एकेक काम तिच्या हाती सोपवले. चुकली की रागावत, जमले की पुढच्या बाळाकडे जात.

तेविसाव्या दिवशी घरी निघालो. भावजींनी पेढे वाटले, डॉक्टरांना आधी. रात्रपाळीच्या सिस्टर तेव्हा घरी झोपल्या असतील.

बारशाला आत्याने बाळाच्या कानात नाव सांगितले, पाठीवर धपाटे पडले, सगळे हसले. आणि मला एकदम आठवले, त्या सिस्टरांचे नाव आम्ही कोणी विचारलेच नव्हते.