धुऱ्याचा दगड

आमच्या ताडकळसच्या शेताला आणि चुलत दिरांच्या शेताला एकच धुरा. बांधाला आमच्याकडे धुरा म्हणतात. मागच्या उन्हाळ्यात थोरल्या मुलाने चारी कोपऱ्यांवर उभे राहून मोबाइलवर आकडे टिपले, संगणकातल्या नकाशावर चढवले आणि म्हणाला, "आई, काकांनी धुरा दोन मीटर आत सारलाय." धुरा दोनशे मीटर लांब, म्हणजे जवळजवळ चार गुंठे! तोंडातून जाऊ नये ते शब्द गेले. पोळ्याला दोन्ही घरचे बैल जोडीने निघतात, ते वेगवेगळे निघाले. जाऊबाईंकडे पुरणाचे ताट गेले नाही.

शेवटी ह्यांनी सरकारी मोजणीचा अर्ज केला. सोयाबीन निघाल्यावर मोजणीदार काठीवर यंत्र लावून आले. त्याला रोव्हर म्हणतात. मुलाने आपले आकडे दाखवले तर ते हसले. नुसता मोबाइल तीन-चार मीटर सहज चुकतो, म्हणाले, कारण उपग्रहाचा संदेश हवेच्या वरच्या थरांतून येताना रेंगाळतो. सर्व्हे ऑफ इंडियाने राज्यात ७७ ठिकाणी कायमची केंद्रे उभारली आहेत. त्यांची जागा पक्की ठाऊक असल्याने या घडीला माप किती चुकते ते त्यांना कळते. तेवढी दुरुस्ती सिमकार्डावरून रोव्हरकडे येते, आणि चूक दोन-तीन बोटांवर येते. नाल्याकाठी रेंज गेली तेव्हा त्यांनी खूण करायचे साफ नाकारले. अर्धा तास सगळे बाभळीखाली बसून राहिलो, एकमेकांकडे न बघता.

दुसरी गोष्ट मला जास्त पटली. पायली म्हटले म्हणजे झाले नाही, कुठली पायली ते विचारावे लागते. तसेच हे. देशाचे जुने नकाशे एव्हरेस्टसाहेबाने १८३० साली धरलेल्या पृथ्वीच्या आकारावर बेतलेले. उपग्रहाचे माप निराळा आकार धरते. एकाच दगडाचे अक्षांश-रेखांश दोन्हींत वेगळे येतात आणि फरक कित्येक मीटरांचा पडतो. (एव्हरेस्टच्या आधी हे काम करणारा लॅम्ब्टन १८२३ साली आपल्या हिंगणघाटलाच वारला.) गावच्या जुन्या टिपणात तर अक्षांश-रेखांश नाहीतच, साखळीने मोजलेली अंतरे तेवढी. एक साखळी ३३ फुटांची, तिचा चौरस म्हणजे एक गुंठा.

म्हणून मोजणीदारांनी आधी जुने दगड शोधले. तीन शेते मिळतात तिथला दगड घाणेरीत बुजला होता. तो भाऊजींनीच कुदळीने उकरला. असे तीन दगड रोव्हरने घेतले, टिपणातल्या अंतरांशी ताडले, ते जुळले तेव्हाच धुऱ्यावर आले.

धुरा सरकला होता खरा. पण दोन मीटर नव्हे, एक हात. आणि भाऊजींच्या शेतात. आमच्याच नांगराने तो वर्षानुवर्षे कोरला होता. जवळजवळ एक गुंठा आमच्याकडे निघत होता.

चुन्याची खूण पडली. भाऊजी एवढेच म्हणाले, "वहिनी, गहू पेरलाय तिथं, निघू द्या. मग बघू." हे घरी येऊन जेवलेसुद्धा नाहीत.

दुसऱ्या दिवशी मी पुरण घातले. पोळा होऊन तीन महिने झाले होते. ताट झाकून जाऊबाईंच्या दारात उभी राहिले, तर त्या म्हणाल्या, "आज कुठला सण हो?"