शिट्टी कुणी वाजवायची?

इंग्लंडमध्ये राहायला आलं की पहिल्या वर्षी हवामानावर बोलायला शिकावं लागतं आणि मूल शाळेत जाऊ लागलं की फुटबॉलवर. माझं माहेर साताऱ्याचं. आमच्याकडे खेळ म्हणजे कबड्डी, खो-खो आणि क्रिकेट. फुटबॉल हे कोल्हापूरकरांचं वेड, एवढंच ऐकून होते. लग्नानंतर इथे आले, मुलगा सहा वर्षांचा झाला आणि दर रविवारी सकाळी चिखलाने भरलेले बूट, थर्मासमधला चहा आणि मैदानाची कड माझ्याही वाट्याला आली. आता तो नऊ वर्षांचा आहे आणि मला ऑफसाइड कळतो. नवऱ्याच्या मते अर्धाच कळतो, पण ते असो.

खरं सांगायचं तर खेळाडूंपेक्षा माझं लक्ष रेफरीकडे जास्त जातं. याला कारण माझी जुनी नोकरी. मराठीत एम.ए. केल्यावर मी चार वर्षं शाळेत शिकवत होते, दहावीचे पेपरही तपासले. त्यामुळे निर्णय देणाऱ्याची खुर्ची कशी असते, ते थोडंफार माहीत आहे. पण निबंधाला सहा गुण द्यायचे की सात, हे ठरवायला मला चहाचा कप संपेपर्यंत वेळ असे. माझ्यावर मॉडरेटर होते. मुलांना गुणपडताळणीचा अर्ज करता येत असे. आणि मुख्य म्हणजे पेपर कुणी तपासला, हे त्यांना कळत नसे. रेफरीला यातलं काहीच नाही. बावीस माणसं धावताहेत, मध्ये चार जण आडवे आलेत, आणि जे दिसलं-न दिसलं त्यावर एका क्षणात शिट्टी फुंकायची. तीही सगळ्यांच्या देखत.

शिक्षक आणि रेफरी यांचं नातं मी उगाच जोडत नाही. लाल आणि पिवळं कार्ड ज्यांच्या डोक्यातून निघालं ते केन ॲस्टन पेशाने शिक्षक होते, इलफर्डमधल्या शाळेचे मुख्याध्यापक. १९६२ च्या विश्वचषकातला चिली-इटली सामना त्यांनी सांभाळला होता. त्या सामन्यात इतकी हाणामारी झाली की मैदानात पोलीस बोलवावे लागले. पुढे १९६६ मध्ये वेम्बलीवर इंग्लंड-अर्जेंटिना सामन्यात जर्मन रेफरीने अर्जेंटिनाच्या कप्तानाला बाहेर काढलं, तर तो जाईचना. दोघांना एकमेकांची भाषा येत नव्हती. त्यानंतर गाडीने घरी जाताना केन्सिंग्टन हाय स्ट्रीटवरच्या सिग्नलला ॲस्टनना युक्ती सुचली. पिवळा म्हणजे सांभाळ, लाल म्हणजे थांब. १९७० च्या विश्वचषकात कार्डं आली. निर्णय बरोबर असून भागत नाही, तो समोरच्याला समजावाही लागतो, हे मास्तरांना बरोबर कळलं होतं.

त्याच १९६६ च्या अंतिम सामन्यातला जेफ हर्स्टचा गोल इथल्या लोकांना अजून भांडायला पुरतो. चेंडू वरच्या दांड्याला लागून खाली आपटला. रेषेच्या आत की बाहेर? रेफरीने लाइन्समन तोफिक बहरामोव यांना विचारलं, त्यांनी गोल दिला. इंग्रज त्यांना आजही ‘रशियन लाइन्समन’ म्हणतात. होते ते अझरबैजानचे, आणि बाकूमध्ये त्यांच्या नावाचं स्टेडियम आहे. कुठल्याही भारतीयाला ‘दिल्लीचा का?’ असं विचारणाऱ्यांचीच ही पुढची शाखा! चव्वेचाळीस वर्षांनी, २०१० मध्ये, जर्मनीविरुद्धच फ्रँक लॅम्पार्डचा चेंडू रेषेच्या चांगला आत पडला आणि गोल दिला गेला नाही. त्यानंतर मात्र यंत्र आणायचं ठरलं. २०१३ पासून प्रीमियर लीगमध्ये चेंडू रेषा ओलांडतो तेव्हा रेफरीच्या मनगटावरच्या घड्याळाला कळतं. त्या एका वादावर खरोखर पडदा पडला.

मग सगळ्यांना वाटलं, सगळेच वाद असे मिटतील. २०१९ मध्ये प्रीमियर लीगमध्ये व्हीएआर आलं. हीथ्रोजवळच्या स्टॉकली पार्कमध्ये पडद्यांसमोर बसलेले पंच गोल, पेनल्टी, थेट लाल कार्ड आणि चुकीच्या खेळाडूला दिलेलं कार्ड एवढ्या चार गोष्टी तपासू लागले. म्हणजे आमचे मॉडरेटरच. पण ३० सप्टेंबर २०२३ ला टॉटनहॅम-लिव्हरपूल सामन्यात काय झालं पाहा. लुइस डियाझने गोल केला, मैदानावर ऑफसाइड दिला गेला. व्हीएआरने रेषा आखून पाहिल्या. तो ऑफसाइड नव्हता. इथपर्यंत यंत्रही बरोबर आणि डोळेही बरोबर. पण तपासणाऱ्याला वाटलं की मैदानावर गोलच दिलेला आहे. म्हणून तो म्हणाला, ‘चेक कम्प्लीट’. मैदानावरच्या रेफरीने त्याचा अर्थ घेतला की आपला ऑफसाइडचा निर्णय कायम. खेळ सुरू झाला, आणि एकदा खेळ सुरू झाला की नियमाप्रमाणे मागे जाता येत नाही. लिव्हरपूल सामना २-१ ने हरलं.

नंतर त्या खोलीतलं संभाषण प्रसिद्ध झालं, तेव्हा मी ते दोनदा ऐकलं. चूक लक्षात आल्यावरचे ते आवाज ऐकून पोटात कालवलं. ‘उत्तर बरोबर, पण प्रश्न वाचला नाही’ असं किती उत्तरपत्रिकांवर लिहिलं असेल मी! एप्रिल २०२५ पासून ऑफसाइडच्या रेषा बऱ्याच अंशी यंत्रच आखतं. पण हात मुद्दाम लावला की लागला, धक्का दिला की बसला, हे शेवटी माणसालाच ठरवायचं आहे. वाद संपलेले नाहीत, फक्त आता प्रत्येकाच्या हातातल्या फोनवर ती फीत चौदा वेळा दिसते आणि रेफरीला ती एकदाच दिसली होती, हे आपण विसरतो.

चुकीची किंमत मात्र वाढत गेली आहे. २००५ मध्ये बार्सिलोना-चेल्सी सामन्यानंतर स्वीडनच्या अँडर्स फ्रिस्क यांना जिवे मारण्याच्या धमक्या आल्या आणि त्यांनी शिट्टी कायमची खाली ठेवली. मे २०२३ मध्ये बुडापेस्टला युरोपा लीगचा अंतिम सामना झाला. दुसऱ्या दिवशी रेफरी अँथनी टेलर कुटुंबासह विमानतळावर असताना चिडलेल्या चाहत्यांनी त्यांना घेरलं. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये तुर्कस्तानात एका क्लबच्या अध्यक्षानेच मैदानात उतरून रेफरीला ठोसा मारला आणि तिथली लीग काही दिवस थांबवावी लागली. याउलट एक गोष्ट मला फार आवडते. १९८६ मध्ये मॅराडोनाचा हात ज्यांना दिसला नाही, ते ट्युनिशियाचे अली बेन्नासूर. २०१५ मध्ये मॅराडोना त्यांच्या घरी गेला आणि सही केलेला शर्ट त्यांना देऊन आला.

तुम्ही म्हणाल, ही मोठ्या मैदानांवरची दुखणी, आपला काय संबंध? संबंध आहे. इंग्लंडमध्ये चौदाव्या वर्षी रेफरीचा कोर्स करता येतो. आपल्या मुलांच्या रविवारच्या सामन्यांना शिट्टी घेऊन उभा असतो तो बहुतेक वेळा असाच शाळकरी मुलगा किंवा मुलगी. काही काउंट्यांत त्यांच्या दंडावर जांभळी पट्टी असते. अर्थ एवढाच, की हे अजून मूल आहे, जरा जपून बोला. मोठ्यांच्या सामन्यांत तर २०२३ पासून काही लीगमध्ये रेफरींच्या छातीवर कॅमेरे लावून पाहिले गेले. रविवारच्या खेळाला पोलिसांसारखा कॅमेरा!

आपल्या मंडळातल्याच एका ताईंच्या मुलीने चौदाव्या वर्षी हा कोर्स केला. पहिल्या मोसमात ती हौसेने जात असे, मिळालेल्या पैशांतून तिने आजीला शालही घेतली. दुसऱ्या मोसमात दहा वर्षांखालच्या मुलांच्या एका सामन्यात थ्रो-इनवरून एक बाबा भडकले. थ्रो-इन हो, पेनल्टीसुद्धा नाही! ‘डोळे आहेत की बटणं?’ याचं इंग्रजी रूप तिने आधी ऐकलं होतं, पण हे गृहस्थ सामना संपल्यावर तिच्या मागोमाग कार पार्कपर्यंत गेले. घरी येऊन ती काही बोलली नाही. शिट्टी ड्रॉवरमध्ये गेली, ती वर्षभर तिथेच राहिली.

यंदा मंडळाच्या उन्हाळी मेळाव्यातल्या सामन्यांना रेफरी मिळेना. गेल्या वर्षी दोन वडीलधाऱ्या माणसांत जे झालं, ते आपण सगळ्यांनी पाहिलं आहे, उगाळत नाही. शेवटी मी तिलाच विचारलं. ती म्हणाली, “काकू, येते. पण दोन अटी आहेत. पालक दोरीच्या मागे. आणि माझ्याशी फक्त कॅप्टनने बोलायचं.” दुसरी अट तिने मनाने काढलेली नव्हती. २०२४ च्या युरो स्पर्धेत हाच नियम होता आणि आता कुठल्याही स्पर्धेला तो लावता येतो.

आम्ही दोरी बांधली. दुसऱ्या सामन्यात तिने पेनल्टी दिली. दोरीमागे मराठीत, हिंदीत आणि इंग्रजीत कुजबुज झाली. दहा वर्षांचा कॅप्टन पुढे गेला, त्याने विचारलं, तिने हाताने दाखवून सांगितलं, तो मान डोलावून परत आला. अर्ध्या मिनिटात खेळ सुरू. तो निर्णय बरोबर होता का, यावर दोन बाबांचं अजून एकमत नाही. मला विचाराल तर, मला तिरकं दिसत होतं.

चूक होणारच नाही असा रेफरी कुणालाच मिळालेला नाही, पुढेही मिळणार नाही. पण रेफरीच नसेल तर मुलांना खेळायलाच मिळणार नाही, हे आपण यंदा जवळून पाहिलं. तिने काउंटीकडे पुन्हा नाव द्यायचं की नाही, ते अजून ठरवलेलं नाही. परवा फराळाला आली होती, मी विचारलं नाही. तिला पुन्हा जावंसं वाटावं, अशी मैदानाची कड ठेवणं मात्र आपल्या हातात आहे. या रविवारी सामना संपला की आपल्या मुलाला घेऊन जा आणि शिट्टीवाल्या पोराला किंवा पोरीला ‘थँक यू’ म्हणायला लावा. हरला असाल तर आधी जा.