दारावरचा शिपाई

परवा नातू सुट्टीला आला होता. रात्री जेवणं झाली तरी लॅपटॉप सोडेना. विचारलं, "काय रे करतोस एवढं?" तर म्हणाला, "आजी, रिव्हर्स प्रॉक्सी लावतोय." आता मराठी माध्यमातून बी.ए. झालेल्या बाईने यावर काय बोलावं? म्हटलं, "मला समजेल असं सांग, तर तुला समजलंय असं मानीन."

वेबसाइटचा पत्ता एक, पण आत सर्व्हर अनेक. एकावर फोटो, दुसऱ्यावर पैशांचे व्यवहार. दारात एक प्रोग्रॅम बसलेला असतो. तो पत्त्याचा पुढचा भाग वाचून मागणी योग्य त्या सर्व्हरकडे धाडतो आणि उत्तरही स्वतःच आणून देतो. आतून कोणी बोललंच नाही, तर '५०४' असं कळवतो. नातू वापरतो तो एन्जिन-एक्स. इगोर सिसोएव या रशियन माणसाने तो लिहून २००४ साली सर्वांसाठी खुला केला.

"अरे, हा तर आमच्या शाळेचा शिपाई!" मी म्हटलं. फी भरायची तर कारकुनाकडे, दाखला हवा तर मुख्याध्यापकांकडे.

"पण एक गोम आहे," तो म्हणाला. "आतल्या सर्व्हरला वाटतं, सगळं दारावरचाच मागतोय. मूळ कोण आलंय ते दिसत नाही. त्यासाठी सोबत चिठ्ठी जोडायची असते, एक्स-फॉरवर्डेड-फॉर नावाची. आपण सांगितलं नाही, तर हा जोडत नाही."

मी गप्पच झाले.

१९८७ साल. तास चालू होता. शिपाई दारात येऊन म्हणाला, "बाई, कोणी पालक आलेत." कोणाचे, ते मी विचारलं नाही. "तास संपल्यावर येते म्हणावं." गेले तेव्हा बाकडं रिकामं होतं. माझ्या आठवीतल्या एका हुशार मुलीचे वडील आले होते, तिची शाळा सोडवू का, हे विचारायला. दुसऱ्या दिवसापासून ती आलीच नाही.

शिपायाचा काय दोष? नाव लिहून आणत जा, असं त्याला आम्ही कधी सांगितलंच नव्हतं.

नातवाला म्हटलं, "आधी ती चिठ्ठी जोड बाबा." त्याने दोन ओळी लिहिल्या. मघापर्यंत नोंदीत सगळीकडे एकच आकडा दिसत होता. आता माझ्या मोबाइलचा वेगळा दिसू लागला.

असो. दूध विरजायचं राहिलंय.