कोपरीच्या तीन वेळा

ठाणे स्थानकाच्या पूर्व दारातून बाहेर पडले की कोपरी सुरू होते. पश्चिमेला लोहमार्ग, पूर्वेला ठाण्याची खाडी आणि दक्षिणेला मुलुंडची वेस, एवढ्यात सामावलेला हा चिंचोळा भूभाग. फाळणीनंतर सिंध प्रांत सोडून आलेल्या कुटुंबांनी येथे नव्याने संसार मांडले. चेंदणीचा कोळीवाडा त्याच्याही कितीतरी आधीचा, आणि मिठाच्या जुन्या व्यापाराची खूण मीठबंदर रस्त्याने आपल्या नावात जपून ठेवलेली. टेंभी नाक्यावरील श्री मुनिसुव्रतस्वामींच्या दर्शनासाठी आपल्यापैकी अनेक जण ठाण्याला येतात. परंतु रुळांच्या या बाजूला पाऊल क्वचितच वळते. वळले, तर एक गोष्ट ध्यानात येते. कोपरी एका नव्हे, तीन वेळांवर चालते: गाडीची वेळ, भरतीची वेळ आणि सूर्याची वेळ. आज बाजारात आलेली नवलाईची मनगटी घड्याळे या तिन्ही वेळा एका तबकडीत आणू पाहतात. ती पारखून घ्यायची असतील, तर कोपरीसारखी दुसरी जागा नाही.

गाडीच्या वेळेपासून प्रारंभ करू. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून निघालेली देशातील पहिली प्रवासी गाडी चारशे पाहुण्यांना घेऊन ठाण्याला पोहोचली. तोवर प्रत्येक गावाचा मध्यान्ह त्या गावाच्या सूर्याचा होता. रेल्वेला मात्र एकच वेळ हवी होती. म्हणून पुढे रेल्वेने मद्रासची वेळ स्वीकारली, आणि ती मुंबईच्या वेळेपेक्षा तीस मिनिटे पुढे होती. पेढीवरचे घड्याळ एक सांगे आणि गाडी दुसऱ्याच वेळेने सुटे. १ जानेवारी १९०६ पासून भारतीय प्रमाणवेळ अमलात आली. तरीही मुंबईने एकोणचाळीस मिनिटे मागे असलेली आपली वेळ १९५५ पर्यंत सोडली नाही. म्हणजे एकाच मनगटावर दोन वेळा सांभाळण्याची गरज आपल्या आजोबा-पणजोबांना विमानप्रवास न करताही भासली होती.

ही गरज ज्यांना आजही आहे, त्यांच्यासाठी दोन देशांच्या वेळा दाखवणारी घड्याळे मिळतात. अँटवर्पच्या हिरेबाजारात ज्यांचे भाऊबंद आहेत, त्यांना याचे महत्त्व वेगळे सांगायला नको. परंतु घेताना एक पाहावे. काही घड्याळांतील दुसरा काटा फक्त पूर्ण तासाने सरकतो, आणि आपली वेळ तर ग्रीनिचच्या साडेपाच तास पुढे. तो अर्धा तास मग मनातच मोजावा लागतो. लंडनपुरते पाहायचे असेल, तर मात्र एक पैसाही खर्च करण्याची आवश्यकता नाही. काट्यांचे साधे घड्याळ उलटे धरावे, सहाचा आकडा वर घ्यावा. हिवाळ्यातील लंडनची वेळ जवळजवळ अचूक वाचता येते. दुपारचे बारा वाजले असता उलटे घड्याळ साडेसहा दाखवते, आणि तिकडे पहाटेचे साडेसहाच वाजलेले असतात. उन्हाळ्यात तिकडची घड्याळे एक तास पुढे करतात, तेवढे लक्षात ठेवावे.

आता स्थानकालगतच्या बाजाराकडे वळू. येथील काचेच्या पेट्यांत शेकडो घड्याळे ओळीने मांडलेली असतात आणि प्रत्येक जण काहीतरी अधिक देऊ करतो. या ‘अधिक’चा इतिहास अर्ध्या शतकाहून जुना आहे. १९६९ च्या नाताळात जपानच्या सेको कंपनीने स्फटिकावर चालणारे पहिले मनगटी घड्याळ विक्रीस आणले. आजच्या घड्याळांत हा स्फटिक सेकंदाला ३२,७६८ वेळा कंप पावतो, म्हणूनच चावी न देताही वेळ चुकत नाही. १९७२ मध्ये अमेरिकेत आकडे उजळणारे ‘पल्सर’ आले. त्यात बसवलेले गणनयंत्र १९७५ मध्ये आले, पण त्याच्या कळा इतक्या बारीक होत्या की त्या काडीने दाबाव्या लागत. कॅसिओने १९८० मध्ये बोटाने दाबता येतील अशा कळा दिल्या आणि ते घड्याळ दूरवर पोहोचले. १९८२ मध्ये सेकोने चक्क दूरचित्रवाणी मनगटावर आणली. मात्र ती पाहण्यासाठी खिशात वेगळी पेटी बाळगून तारेने जोडावी लागे. १९८४ मध्ये कॅसिओच्या घड्याळात दूरध्वनी क्रमांक साठवता येऊ लागले. १९९४ च्या टायमेक्स डेटालिंकने तर संगणकाच्या पडद्यावर लुकलुकणाऱ्या रेषा ‘वाचून’ माहिती आत घेतली. २००० साली कॅसिओने मनगटावर छायाचित्रक बसवला.

व्यापाऱ्याच्या नजरेने ही यादी पाहिली, तर तिच्यात एक हिशेब दडलेला आहे. दूरचित्रवाणीचे घड्याळ कौतुकापुरते उरले. गणनयंत्राचे घड्याळ अजूनही तयार होते आणि विकले जाते. कारण सरळ आहे. पहिल्याने प्रश्न नसताना उत्तर दिले. दुसऱ्याने गिऱ्हाइकासमोर उभे राहून बेरीज करणाऱ्या माणसाचा प्रश्न सोडवला. आपल्या देशातही सप्टेंबर २०२० मध्ये टायटनने भारतीय स्टेट बँकेच्या साहाय्याने पैसे चुकते करणारे घड्याळ आणले. घड्याळाच्या पट्ट्यात लपवलेली चकती यंत्राजवळ नेली की काम झाले. आरंभी दोन हजार रुपयांपर्यंत गुप्त क्रमांकही लागत नसे. सोय खरी, पण पट्टा हरवला तर पाकीट हरवल्यासारखेच. तत्काळ बँकेला कळवण्याची शिस्त घरातील प्रत्येकाला ठाऊक हवी.

बाजार ओलांडून पूर्वेला गेले की हवा खारट होते. येथे दुसरी वेळ चालते, खाडीची. चेंदणीच्या कोळी बांधवांना भरतीसाठी घड्याळ लागत नसे. तिथीची पाऊणपट करावी, तितके वाजता पूर्ण भरती, हा कोकण किनाऱ्यावरचा जुना हिशेब. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा. भरती रोज सरासरी पन्नास मिनिटांनी पुढे सरकते. पाऊणपटीत ती पंचेचाळीस धरली जाते. आपल्या परिचयाचे दोन घटिकांचे मुहूर्त, म्हणजे अठ्ठेचाळीस मिनिटे, या दोहोंच्या मध्ये बसते. तोंडी हिशेबाला इतकी अचूकता पुरेशी होती.

हेच काम घड्याळाकडून करवून घेण्याचा पहिला नामांकित प्रयत्न स्वित्झर्लंडच्या हॉयर कंपनीने १९४९ मध्ये ‘सोल्युनार’ या घड्याळाने केला. आज कॅसिओच्या काही घड्याळांत भरती-ओहोटीचा आलेख आणि चंद्राची कलाही दिसते. मात्र त्यात आपले बंदर नीट भरावे लागते. खाडीच्या तोंडाशी आणि खाडीच्या आत भरती एकाच क्षणी येत नाही. फाव्र-ल्युबा हे नाव तर आपल्या वडीलधाऱ्यांच्या मनगटावरचे. एकोणिसाव्या शतकापासून भारतात घड्याळे विकणाऱ्या या स्विस घराण्याने १९६२ मध्ये ‘बिव्हुआक’ काढले. हवेच्या दाबावरून उंची सांगणारे ते चावीचे मनगटी घड्याळ. १९६८ मध्ये ‘बाथी’ आले, पाण्याची खोली सांगणारे. दोन्हींत विजेचा सेल नव्हता. आजही उंची दाखवणारी अनेक घड्याळे हवेच्या दाबावरच चालतात. म्हणून माथेरानला मुक्कामी असताना पावसाळी हवेने दाब उतरला, तर घड्याळ सांगते की आपण बसल्या जागी वर चढलो! घड्याळ खोटे बोलत नाही. ते दाब मोजते आणि उंचीचा अंदाज करते. मोजमाप आणि अंदाज यांतील हा भेद पुढे फार मोलाचा ठरणार आहे.

तिसरी वेळ सूर्याची, आणि ती आपल्या घरांना सर्वाधिक जवळची. प्रमाणवेळेचा सूर्य साडेब्याऐंशी रेखांशावरचा. ठाणे सुमारे त्र्याहत्तर रेखांशावर. म्हणून येथील खरा मध्यान्ह सरासरी बारा वाजून अडतीस मिनिटांनी होतो. सूर्योदय जूनच्या आरंभी सहाच्या सुमारास, तर जानेवारीच्या मध्यास सव्वासातला. सूर्यास्तही नोव्हेंबरअखेर सहाच्या आसपास आणि जुलैत सव्वासातच्या पुढे. नवकारशीची अठ्ठेचाळीस मिनिटे किंवा चौविहाराची वेळ वर्षभर एकाच आकड्याने पाळता येत नाही, ती यामुळे. उपग्रहावरून ठिकाण ओळखणारी नवी घड्याळे त्या त्या गावाचा सूर्योदय व सूर्यास्त रोज स्वतः काढतात. मालाच्या खरेदीसाठी सुरतेहून कोलकात्याला जाणाऱ्यास तेथे एक तासाहूनही आधी सूर्य मावळतो, हे ठाण्याचे पंचांग सांगणार नाही, घड्याळ सांगते. आवाज न करता मनगटावर कंप देणारी सूचनाही उपाश्रयात कोणाला त्रास देत नाही. सामायिकात विजेवरची साधने वर्ज्य मानणाऱ्या घरांत मात्र वाळूचे घड्याळच असते, आणि ते अठ्ठेचाळीस मिनिटांचे काम आजही चोख करते. पट्टा निवडताना कातड्याऐवजी पोलाद, कापड वा रबर घेता येते, हेही सांगून ठेवावे.

आता सर्वांत गंभीर गोष्ट. बाजारातील आजची घड्याळे वेळेपेक्षा आरोग्याची भाषा अधिक बोलतात. पाठीमागील हिरवा प्रकाश कातडीवर पडतो, रक्ताच्या प्रवाहाबरोबर तो कमी-अधिक परततो आणि त्यावरून नाडीचे ठोके मोजले जातात. स्वस्थ बसलेल्या माणसाची नाडी या रीतीने बऱ्यापैकी कळते. २०१८ मध्ये ॲपलच्या घड्याळात हृदयाच्या विद्युत लहरींचा आलेख आला. अनियमित ठोक्यांची शंका वेळीच येण्यास त्याचा उपयोग होतो. परंतु सुई न टोचता रक्तातील साखर सांगण्याचा दावा करणाऱ्या घड्याळांची गोष्ट निराळी आहे. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने फेब्रुवारी २०२४ मध्ये स्पष्ट इशारा दिला की, स्वतःच साखर मोजणाऱ्या अशा एकाही घड्याळाला वा अंगठीला त्याने मान्यता दिलेली नाही.

आपल्या किती घरांत दुकानाच्या गादीवर बसणारे काका किंवा आजी मधुमेहाचे औषध घेतात! आकडा कमी दिसला म्हणून गोळी चुकवली, किंवा जास्त दिसला म्हणून इन्सुलिन वाढवले, तर त्या अंदाजाची किंमत प्राणांनी मोजावी लागू शकते. उपवासाच्या दिवसांत तर ही जोखीम दुप्पट. माथेरानच्या चुकलेल्या उंचीवर हसता येते, चुकलेल्या साखरेवर नाही. बोटाच्या थेंबावर चालणारे साधे यंत्र आणि डॉक्टरांचा शब्द, यांना मनगटावर पर्याय नाही. घरात तान्ही मुले असतील, तर घड्याळाचे बटणासारखे सेलही त्यांच्या हाती लागू देऊ नयेत. गिळल्यास ते अन्ननलिका जाळतात.

टिकाऊपणाचाही विचार व्हावा. बंगळूरूच्या एच. एम. टी. कारखान्यात १९६१ पासून तयार झालेली चावीची घड्याळे तेल-पाणी करून आजही चालतात. कोपऱ्यावरचा घड्याळजी ती उघडू शकतो. बुद्धिमान म्हणवणारे घड्याळ मात्र बहुधा डिंकाने बंद केलेले असते, आणि सेल थकला की काही वर्षांतच ते अडगळीत जाते. अपरिग्रहाची शिकवण ज्या घरात आहे, तेथे पाच घड्याळांपेक्षा एक विचारपूर्वक घेतलेले शोभते.

तेव्हा कोपरीच्या बाजारात काचेच्या पेटीवर वाकण्यापूर्वी आपला प्रश्न निश्चित करावा. परदेशातील भावाची वेळ हवी आहे, की परगावचा सूर्यास्त, की नाडीवर लक्ष? जो प्रश्न असेल, त्याचे उत्तर देणारे घड्याळ घ्यावे आणि ते काय मोजते व काय नुसते सुचवते, हे दुकानातच विचारून घ्यावे. मग पलीकडे खाडीवर एक फेरी मारावी. त्या दिवशीची तिथी आठवावी, तिची पाऊणपट करावी आणि नव्या घड्याळातील भरतीशी पडताळून पाहावी. मुलांना बरोबर न्यावे. हा हिशेब तोंडी करण्याची गोडी त्यांना लागली, तर खरेदी सार्थकी लागली म्हणायची.