खिळ्याशेजारचं नाणं

इप्सविच
१७ सप्टेंबर

चि. बाळूस,

रविवारी फोनवर तू विचारलंस, ‘मामा, तू दिलेलं मशीन आता बदलू का?’ आणि मी ‘बघू रे’ म्हणून विषय पावसापाण्यावर नेला. चुकलं माझं. तू पैशांसाठी अडलेला नव्हतास, माझ्यासाठी अडला होतास, हे फोन ठेवल्यावर ध्यानात आलं. मामानं हौसेनं दिलेली वस्तू बाजूला कशी सारायची, हा तुझा पेच. तर आधी तोच सोडवतो. ते धातू शोधायचं मशीन मी तुला वापरायला दिलं होतं. बारा वर्षं तू ते लेस्टरशरच्या चिखलात, दवात, वाऱ्यात फिरवलंस. त्याचं चीज झालं. आता फक्त कामाचं बोलू.

जाहिराती वाचून तुझा असा समज झालेला दिसतो की नवं मशीन जुन्यापेक्षा कितीतरी खोलवरचं दाखवतं. बहुतेकांचे पैसे इथेच जातात, म्हणून जरा सविस्तर लिहितो. कॉइल जमिनीत चुंबकीय क्षेत्र सोडते. खाली धातू असला की त्यात बारीक विद्युतप्रवाह फिरू लागतात, त्यांचं क्षीण क्षेत्र परत वर येतं आणि आपल्याला आवाज ऐकू येतो. जाताना हे क्षेत्र अंतराच्या घनाने विरत जातं, येतानाही घनानेच. म्हणून नाण्यासारख्या लहान वस्तूचा सिग्नल ढोबळमानाने अंतराच्या सहाव्या घाताने घटतो. या हिशोबानं १० सेंटिमीटरवरचं नाणं २० वर गेलं की सिग्नल ६४ पट बारीक होतो. २० सेंटिमीटरवर जे जेमतेम ऐकू येतं ते २४ वर ऐकायचं, तर मशीन तिप्पट तल्लख हवं. दोन बोटं जास्त खोलीसाठी तिप्पट! तेव्हा ‘दुप्पट खोल’ असं कुणी म्हणालं तर त्याच्याशी वाद घालू नकोस, फक्त पाकीट बाहेर काढू नकोस.

आणि ती खोली आपल्याला हवी तरी कशाला? नांगराचा फाळ जिथवर जातो तिथवरच खणायचं, त्याखालची माती हलवायची नाही, असं इथली आचारसंहिताच सांगते. नांगरानं वरचा थर आधीच विस्कटलेला असतो, त्यातलं उचललं तर इतिहासाचं नुकसान थोडं. खालचा थर अजून जागच्या जागी असतो. तो पुरातत्त्वाच्या माणसांचा.

क्लबातली मंडळी तुला उलट बाजूच्याही गोष्टी सांगतील. टेरी हर्बर्ट यांना २००९ च्या जुलैत स्टॅफर्डशरचा तो अँग्लो-सॅक्सन ठेवा सापडला, तेव्हा हातातलं मशीन १४ वर्षं जुनं होतं. माझ्या घरापासून गाडीनं तासाभरात पोचता येईल अशा हॉक्सनी गावात १९९२ साली एरिक लॉज शेतकरी मित्राचा हरवलेला हातोडा शोधायला गेले. त्यांचं मशीन निवृत्तीच्या वेळी भेट मिळालेलं. सापडली जवळजवळ १५ हजार रोमन नाणी, सोन्याचे दागिने, चांदीचे चमचे. मोठेपणा असा की लॉज यांनी थोडं वर येताच खणणं थांबवलं आणि अधिकाऱ्यांना कळवलं, त्यामुळे तो ठेवा कशा पेटीत कसा रचला होता हे कळू शकलं. तो हातोडासुद्धा आज ब्रिटिश म्युझियममध्ये आहे. या गोष्टी मला मनापासून आवडतात, पण तुझ्या प्रश्नाला त्यांचा उपयोग नाही. नांगरानं पसरलेलं किलो-किलो सोनं कुठल्याही मशीनला कळेल. मशीनचा कस लागतो तो नखाएवढ्या चांदीवर, आणि तीही खिळ्यांच्या गर्दीत पडलेली असताना.

हे मी कुठे शिकलो ते सांगतो. आजवर कुणाला सांगितलेलं नाही.

माझं जुनं मशीन तुला आठवत असेल. एकाच फ्रिक्वेन्सीचं, पट्टा शिवून शिवून वापरलेलं. घरातलं माणूस खोकल्यावरून ओळखावं तसा मला त्याचा आवाज ओळखू यायचा. शिसं, बटण, बंदुकीची गोळी, फॉइल, सगळ्यांचे सूर वेगळे. बार्लीची कापणी झालेल्या एका शेतात ऑगस्टअखेर असाच एक गोल, भरीव सूर आला. हातभर लांबून ऐकूनच मी म्हणालो, तांबं. ढेकूळ फोडलं तर हिरवट चकती. बटण समजून अंगठ्यानं पुसली, तर दोन सिंह, मधे ढाल आणि खाली आकडा, १८३५. उलट बाजूला ‘ईस्ट इंडिया कंपनी’, आणि पानांच्या वेलीत ‘पाव आणा’. बाळू, आण्याचे चार पैसे, रुपयाचे सोळा आणे, हे आजीनं साताऱ्याच्या ओसरीवर घोकून घेतलेलं. तो पाव आणा, तो पैसा, सफोकच्या धसकटांत गुडघे टेकून बसलेल्या माझ्या तळहातावर होता. मी किती तरी वेळ उठलोच नाही. नंतर तो सापडलेल्या वस्तूंची नोंद ठेवणाऱ्या जिल्ह्याच्या फाइंड्स ऑफिसरांकडे नेला, त्यांनी वजन केलं, फोटो काढला, जागा नकाशावर टिपून घेतली. त्याच संध्याकाळी मी ठरवलं, हे मशीन बदलायचं नाही.

आणि तिथेच माझं चुकलं.

त्या शेताचा चर्चलगतचा वरचा कोपरा तुला दाखवला होता. तिथे पूर्वी घरं होती. मातीत खिळेच खिळे. जुनं मशीन तिथे नुसतं खरखरायचं, म्हणून मी बटण फिरवून लोखंडाचा आवाज बंद करून टाकायचो आणि शांतपणे चालायचो. त्या शांततेला मी ‘इथे काही नाही’ असं नाव दिलं. अकरा वर्षं.

गेल्या ऑक्टोबरात क्लबातल्या एका मित्रानं त्याचं नवं मशीन शनिवार-रविवारपुरतं माझ्याकडे ठेवलं. मी त्याच कोपऱ्यात गेलो. दोन खरखरींच्या मधे एक बारीक, टोकदार चिवचिव आली. इतकी छोटी, की हात दोन इंच पुढे गेला की नाहीशी. चारी बाजूंनी फिरून ऐकली आणि मुठीएवढं ढेकूळ काढलं. ते फोडल्यावर आधी एक चौकोनी खिळा निघाला, बोटाएवढा, गंजून फुगलेला. त्याच्यापासून दोन बोटांवर चांदीचा एक तुकडा. पोळीचा चतकोर असावा तसा, पण नखाएवढा. मध्ययुगातल्या पेनीचा चौथा हिस्सा. तेव्हा इथे पेनी हेच रोजचं नाणं. १२७९ साली एडवर्ड पहिला याच्या काळात गोल फार्दिंग नियमित निघू लागेपर्यंत लोक पेनीच्या मागच्या क्रुसाच्या रेघेवर कापून अर्धी, पाव करून घेत. आपण वाण्याला ‘मोड आहे का?’ विचारतो ना, ती इथे खरोखरच मोडलेली असे.

मग मी एक केलं. तुकडा परत त्याच जागी ठेवला, शेजारी खिळा ठेवला, माती लोटली आणि घरून जुनं मशीन आणून वरून फिरवलं. खर्र. एवढंच. आवाज बंद करण्याचं बटण फिरवल्यावर तेही नाही.

कारण समजून घे, कारण तुझा निर्णय त्यावरच आहे. लोखंडावरून कॉइल गेली की मशीनला त्यातून मोकळं व्हायला क्षणभर लागतं. जुन्या यंत्रांत तो क्षण लांबतो, आणि तेवढ्यात शेजारचं नाणं मागे पडतं. शिवाय कमी फ्रिक्वेन्सी जाड तांब्या-चांदीला चांगली, पण पातळ कपच्यांना तिचा प्रतिसाद दुबळा. नवी मशीनं एकाच वेळी अनेक फ्रिक्वेन्सींवर ऐकतात, काही तर ५ पासून ४० किलोहर्ट्झपर्यंत, आणि खिळ्यातून झटकन बाहेर पडतात. गेल्या काही वर्षांत खरी सुधारणा झाली ती इथे. खोलीत फार नाही, दोन वस्तू वेगळ्या ओळखण्यात.

त्या कोपऱ्यातून नांगर दरसाल फिरतो. पातळ चांदी मुडपते, तुटते, झिजते. अकरा वर्षांत मला जे ऐकू आलं नाही, त्यातलं काही आता कुणालाच ऐकू येणार नाही. त्याची नोंद कधीच होणार नाही. मशीनवरच्या मायेपोटी झालं हे, आणि ते मला अजून टोचतं.

आता तुझं. तुझ्या दोन्ही गवताळ कुरणांत लोखंड कमी आहे. तिथे तुझं मशीन अजून दहा वर्षं चालेल, तेवढ्यासाठी नवं घेणं म्हणजे पैसे वाया. पण उन्हाळ्यात तुला जे तिसरं शेत मिळालं, जिथे रोमन कौलांचे तुकडे वर येतात आणि तू म्हणालास तसे ‘पावलागणिक खिळे’, तिथे ते बहिरं आहे. नवं घे. मशीन जुनं झालं म्हणून नव्हे, शेत बदललं म्हणून.

पण घाई नको. आधी ते शेत संरक्षित स्मारकाच्या हद्दीत येत नाही ना, हे जिल्ह्याच्या पुरातत्त्व कार्यालयात विचार. येत असेल तर १९७९ च्या कायद्यानं परवान्याशिवाय तिथे मशीन नेणंच गुन्हा आहे, मग नवं-जुनं हा प्रश्नच उरत नाही. नंतर उसनं मशीन आणून परीक्षा घे. दुकानातल्या टेबलावर नाणं धरून घेतलेली परीक्षा कवडीमोलाची, माती आणि गंज तिथे नसतो. जुन्यानं शेताचा एक पट्टा चाल, शंका वाटेल तिथे झेंडी रोव, काहीही खणू नकोस. मग नव्यानं तोच पट्टा चाल, दुसऱ्या रंगाच्या झेंड्या रोव. आता खण. ज्या जागी एकाच रंगाची झेंडी आहे त्या जागा तुला सगळं सांगतील. सगळ्यात महागडं मॉडेल नको, मधल्या किमतीचं पुरे. कॉइल मोठी नको, लहान घे, तिच्याखाली एका वेळी खिळे कमी येतात. आणि पहिला सगळा हंगाम नव्याची भाषा शिकण्यात जाईल हे धरून चाल. तुझ्या कानाला जुन्याची बारा वर्षांची सवय आहे.

एक गोष्ट मात्र माझा हट्ट समज. जुनं मशीन साताऱ्याला पाठवायचं तू सहज बोललास, ‘पोरं गडावर फिरवतील’ म्हणालास. पाठवू नकोस. इथे आपण शेतात उतरतो ते मालकाच्या परवानगीनं, आणि सापडलेलं दाखवायला माणूस आहे. १९९७ पासून फाइंड्स ऑफिसरांच्या नोंदवहीत १५ लाखांहून जास्त वस्तू जमा झाल्यात, माझा पाव आणाही त्यात आहे. तिकडे छंद म्हणून मशीन फिरवणाऱ्यासाठी अशी सोय नाही. १८७८ च्या कायद्यानं दहा रुपयांवरचं पुरलेलं धन सापडलं तर कलेक्टरला कळवणं बंधनकारक आहे, आणि संरक्षित गडावर परवान्याविना कुदळ लावणं गुन्हा. पण कायद्याहून मला भीती आहे ती एका शब्दाची: गुप्तधन. मशीन गावात आलं की तो शब्द त्याच्यामागे येतोच. त्या शब्दापायी आपल्याकडे वाड्यांच्या जोत्यांखाली रात्री खड्डे पडलेत, आणि त्याच्या नावानं होणारे अघोरी प्रकार २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्यात घालावे लागले. ज्यांनी त्या कायद्यासाठी आयुष्य वेचलं ते डॉ. नरेंद्र दाभोलकर साताऱ्याचेच. आपल्या घरातून असलं यंत्र त्या गावात जायला नको. गडावरचा एक खिळासुद्धा जिथे आहे तिथेच राहू दे. कधी तरी शिकलेलं कुणी नीट खणेल, तेव्हा तो बोलेल.

जुनं तुझ्याकडेच ठेव. कुरणांसाठी वापर, तुझी लेक मोठी झाली की तिच्या हातात दे.

ऑक्टोबरात पेरणी झाली की शेत बंद होईल, म्हणून पुढच्या शनिवारी सकाळीच येतो. मित्राचं मशीन मागून ठेवलंय. तू दोन रंगांच्या पन्नास-पन्नास झेंड्या आण, आणि शेतकऱ्याचं परवानगीचं पत्र खिशात असू दे. ताईला नमस्कार.

तुझा
मामा