व्हरांड्यातलं बाकडं

उसाचे दिवस आहेत. कारखान्याकडे निघालेल्या ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या संध्याकाळी रस्ताभर रांगेनं उभ्या असतात आणि कागलच्या हवेत मळीचा जड, गोडसर वास भरून राहतो. उन्हं कलली की मी पप्पांना घेऊन जयसिंगराव तलावाच्या काठी जाते. ते पाण्याकडे बघत बसतात. मी त्यांच्याकडे बघत बसते. लहानपणी हे कधी जमलंच नव्हतं.

पप्पा पस्तीस वर्षं पाळक होते. कोल्हापूर-सांगलीच्या मुलखात सात मंडळ्या, सात घरं. पाळकाला घर मिळतं ते मंडळीचं. सेवा संपली की सातव्या घराची किल्लीही पुढच्या पाळकाच्या हातात द्यावी लागली. आई तोवर गेली होती. दोन लोखंडी ट्रंका, पुस्तकांची खोकी आणि आईची बाजाची पेटी एवढं सामान घेऊन ते माझ्याकडे कागलला आले. आल्यावर पहिले काही दिवस ते समोरच्या खोलीत दाराकडे तोंड करून बसायचे. कुणीतरी येईल, असं त्यांच्या अंगाला वाटत असावं.

सातही घरांत व्हरांडा होता आणि सातही व्हरांड्यांत बाकडं होतं. त्या बाकड्यावर मी माणसाची सगळी दुःखं बसलेली पाहिली. दारुड्या नवऱ्यानं हाकललेली बाई, दहावीत नापास झालेला पोरगा, बाप्तिस्म्याचा दाखला हवा असलेला म्हातारा, जमिनीच्या वाटणीवरून बोलणं तुटलेले दोन भाऊ, तेही एकाच बाकड्याच्या दोन टोकांना. दाराला दिवसा कडी लावायची नाही, हा आमच्या घरचा न लिहिलेला नियम होता. चहाचं आधण सकाळी चढायचं ते दुपारीच उतरायचं. महिनाअखेरीला साखर संपली की आई गूळ घालायची आणि आलेल्या माणसाला म्हणायची, "आमच्याकडं गुळाचाच आवडतो."

बाहेरच्यांना वाटतं, पाळकाचं काम रविवारचं. रविवारी सकाळची उपासना झाली की पप्पा सायकलवर टांग टाकून जवळच्या खेड्यातल्या चार घरांच्या मंडळीकडे जात. आठवडाभर घरभेटी, आजाऱ्याच्या उशाशी प्रार्थना, बुधवारची सभा, पंच कमिटीची बैठक. लग्नाची तारीख आधी ठरते. मरणाची ठरत नाही. मातीला बोलावणं आलं की ताटावरून उठायचं. नाताळात तर ते आमच्या वाट्याला येतच नसत. पंचवीस डिसेंबरला घराघरांतून बोलावणं असे आणि एका घरी खाल्लं, दुसऱ्या घरी नाही, असं चालत नसे. म्हणून पप्पा प्रत्येक घरी एक घास घेत, अर्धी करंजी घेत, कुणाचं मन मोडत नसत. रात्री घरी येत तेव्हा पोटात जागा नसे. आईनं पहाटे उठून केलेल्या जेवणाचं ताट झाकलेलंच राही. दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही तेच गरम करून खायचो. माझ्यासाठी नाताळ म्हणजे सव्वीस तारखेचा शिळा, मुरलेला रस्सा. त्याच्यासारखी चव मला पुढे कुठल्याही सणाला आली नाही.

आणि आम्ही पाळकाची पोरं. आमच्या केसांतला भांगसुद्धा मंडळीच्या मालकीचा होता. पौलानं तीमथ्याला लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या तिसऱ्या अध्यायात अध्यक्षाच्या अंगी काय हवं ते सांगितलंय. तो एका स्त्रीचा पती असावा, आपलं घर नीट चालवणारा असावा, ज्याला घर सांभाळता येत नाही त्याला देवाची मंडळी कशी सांभाळता येईल, असा त्याचा आशय. लोकांनी त्याचा अर्थ पोरांची परीक्षा असा केला. माझा भाऊ उपासनेत मागच्या बाकावर बसून हसला, तर गोष्ट सोमवारी गावभर असायची. मला आज वाटतं, पौलाला घराची काळजी होती. मंडळीच्या आधी घर, असाच तो क्रम आहे. पण तो तसा वाचलेला मी फार थोड्या ठिकाणी पाहिला.

ही ओढाताण जुनी आहे. रोमच्या मंडळीनं 1139 सालच्या लॅटरन परिषदेत धर्मगुरूंची लग्नं रद्दबातल ठरवली. फादरचं सगळं आयुष्य मंडळीचंच असावं, वाटणी नको, असाही त्यामागे एक विचार आहे आणि वसईच्या फादर फ्रान्सिस दिब्रिटोंसारख्यांकडे पाहिलं की त्या विचाराचं बळ कळतं. जवळपास चारशे वर्षांनी, 1525 च्या जूनमध्ये, जर्मनीत मार्टिन ल्यूथरनं कॅथरीना फॉन बोरा या मठ सोडलेल्या जोगिणीशी लग्न केलं. विटेनबर्गच्या एका जुन्या मठातलं त्यांचं घर तिनं चालवलं. शेती, गुरं, बिअर गाळणं, जेवायला राहणारे विद्यार्थी, आला-गेला, सगळं तिच्या अंगावर. ल्यूथरचं बोलणं त्याच्या जेवणाच्या मेजावरून विद्यार्थ्यांनी टिपून घेतलं आणि जगानं वाचलं. त्या मेजावर ताटं कुणी मांडली होती, हे मला नेहमी आधी आठवतं. 1542 मध्ये त्यांची तेरा वर्षांची माग्दालेना गेली. मरणाचं सांत्वन हजारोंना शिकवलेला तो माणूस तिच्या खाटेपाशी गुडघे टेकून रडला. तिथे तो फक्त बाप होता.

आमच्याकडे पाळकपण आलं ते संसारासकटच. मिशनरी रॉयल वाइल्डर आणि त्याची बायको एलायझा 1852 साली कोल्हापुरात आले. कोल्हापूरचं वाइल्डर मेमोरियल चर्च त्याच्याच नावाचं. मध्यंतरी काही वर्षं तर कुठल्या मिशन मंडळाचा आधार नसताना त्यानं काम चालवलं. त्याच काळात त्यांची ग्रेस 1861 मध्ये आणि रॉबर्ट 1863 मध्ये इथेच जन्मली. हा रॉबर्ट पुढे अमेरिकेत विद्यार्थ्यांना मिशनकार्यासाठी उभं करणारी मोठी चळवळ चालवणारा झाला. इतिहासात त्याचं नाव ठळक आहे. मला मात्र ग्रेस जवळची वाटते. 1887 मध्ये वडील गेले आणि त्यानंतर ती आईला घेऊन पुन्हा याच मुलखात कामाला आली. पाळकाच्या लेकीला आपलं घर कुठं आहे असं विचारलं, तर तिला अशीच लांबची वाट चालून उत्तर द्यावं लागतं.

आणि टिळक. आमच्या घरात रेव्हरंड नारायण वामन टिळकांचा उल्लेख घरातल्या वडीलधाऱ्यासारखा व्हायचा. 1895 च्या फेब्रुवारीत त्यांनी मुंबईला बाप्तिस्मा घेतला. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई तेव्हा त्यांच्यासोबत नव्हत्या. त्यांना नवऱ्याकडे यायला काही वर्षं लागली आणि 1900 मध्ये त्यांनी स्वतःच्या निर्णयानं बाप्तिस्मा घेतला. पुढचा संसार लक्ष्मीबाईंच्या 'स्मृतिचित्रे' या आत्मचरित्रात आहे. हातात आलेला पैसा वाटून टाकणारे टिळक, रस्त्यावरचं पोर घरी आणणारे टिळक आणि उद्या काय शिजवायचं हे ठरवणाऱ्या लक्ष्मीबाई. 1917 मध्ये टिळकांनी मिशनचं काम सोडून ख्रिस्ती संन्यासाची वाट धरली, बायकोमुलं असताना. दोनच वर्षांनी, 9 मे 1919 ला ते गेले. त्यांचं 'ख्रिस्तायन' हे काव्य अर्धवट राहिलं होतं. ते लक्ष्मीबाईंनी पुरं केलं.

आई 'स्मृतिचित्रे' दर पावसाळ्यात वाचायची. आमच्या प्रतीची पानं हळदीनं पिवळी झाली आहेत, कारण ती स्वयंपाकघरात वाचायची. वाचताना कधी हसायची, कधी एकदम गप्प व्हायची. ती का गप्प व्हायची, ते मला या वर्षी कळलं, तलावाच्या काठावर.

कागलच्या घाटग्यांचा यशवंतराव 1884 साली कोल्हापूरच्या गादीला दत्तक गेला आणि शाहू महाराज झाला, हे इथल्या पोरापोराला ठाऊक असतं. तेव्हा त्याचं वय होतं दहा वर्षांच्या आत. त्या संध्याकाळी पप्पांशी मी तेच बोलत होते. लोकांना राजा मिळाला, पण त्या दिवशी कागलच्या वाड्यात संध्याकाळी काय झालं असेल? पप्पा बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "तुझी आई एकदा बाकड्यावर येऊन बसली होती."

मला कळलं नाही. आई तर रोजच व्हरांड्यात असायची.

"तशी नाही गं. नंबर लावून."

तिसऱ्या मंडळीतली गोष्ट. मी सातवी-आठवीत असेन. पप्पा आतल्या खोलीत माणसांशी बोलत होते, बाहेर चार-पाचजण बसले होते. एकाचं झालं की पप्पा दारात येऊन पुढच्याला बोलवत. असे दारात आले तेव्हा बाकड्याच्या शेवटी आई बसलेली. लग्नातली निळी साडी नेसलेली, डोक्यावर पदर, मांडीवर हात. त्यांना वाटलं, काही निरोप असेल. त्यांनी डोळ्यांनी विचारलं. ती म्हणाली, "माझा नंबर यांच्यानंतर आहे." आणि खरोखरच आधीच्या दोघांचं होईपर्यंत बसून राहिली.

तिचा नंबर आला तेव्हा ती आत जाऊन समोरच्या खुर्चीवर बसली. इतरांसारखी. पप्पांनी दार लोटलं. ती म्हणाली, "मंडळीतल्या कुठल्याही बाईचं नवऱ्याशी काही झालं, तर ती तुमच्याकडं येते. मी कुणाकडं जायचं? माझा पाळक कोण?"

एवढं सांगून पप्पा थांबले. पलीकडच्या काठावर कुणीतरी म्हशी धूत होतं.

मी त्या प्रश्नाभोवती किती दिवस फिरतेय. पाळकाच्या बायकोला पगार नसतो, नेमणूक नसते, पण महिला मंडळ तिचं, लहान मुलांची रविवारची शाळा तिची, पेटी वाजवणं तिचं, मातीच्या घरी भाकऱ्या पोचवणं तिचं. तिला दुखलं, तर ते शेजारणीला सांगता येत नाही. शेजारीणही मंडळीतलीच. माहेरी सांगितलं, तर सेवेला बट्टा लागतो. नवऱ्याला सांगावं, तर नवरा घरी आल्यावर त्याच्यात बोलायला काही उरलेलं नसतं. दिवसभर त्यानं इतरांचं ऐकलेलं असतं आणि कान हेही अवयवच आहेत, थकतात. हे कुणाचं वाईट वागणं नव्हे. पप्पा चांगले होते. त्यांच्या चांगुलपणाला गावात शंभर मालक होते आणि आई त्या रांगेत शेवटी उभी होती, इतकंच. पण हे 'इतकंच' एका बाईचं सबंध आयुष्य असतं.

"मग तुम्ही काय केलंत?"

"ऐकलं," पप्पा म्हणाले. "तासभर. बाहेर एकजण ताटकळत होता. त्याला उद्या या म्हणालो. उद्या या, असं मी पहिल्यांदा कुणाला तरी म्हणालो."

तेव्हा मला आमच्या सोमवारांचा उगम सापडला. त्याच सुमारापासून सोमवारी दुपारी आमच्या घराला कडी लागायची. आई-पप्पा मागच्या अंगणात बसायचे. ती शेंगा फोडायची, ते उगीच हाताशी लागेल ते निवडायचे. आम्ही पोरं बाहेर हुंदडत असू, म्हणून आम्हाला त्याचं काही वाटलं नव्हतं. पंचांपैकी काहींना ती कडी खटकली. पाळकाच्या दाराला कडी कशी, असं बोलणंही झालं. पप्पांनी सोमवार सोडला नाही. आठवड्यातली एक दुपार. मी हिशेब करून पाहिला आणि मग हिशेब करणं सोडलं. आईला ती दुपार पुरली का, हे विचारायला आई नाही.

आई गेली तेव्हा शेजारच्या मंडळीच्या पाळकांनी माती दिली. शेकडो माणसांना ज्यांनी पोचवलं होतं, ते पप्पा त्या दिवशी पहिल्या बाकावर आमच्यात बसले. झगा नाही, हातात पुस्तक नाही. पुढच्या ओळी सगळ्या पाठ असून त्यांना त्या म्हणता येत नव्हत्या. त्यांचे हात कुठे ठेवावेत हे त्यांना कळेना. मग भावानं एक धरला आणि मी एक.

आता आम्ही रविवारी कागलहून एस.टी.नं कोल्हापूरला उपासनेला जातो. पप्पा माझ्या शेजारी बसतात. सबंध उपासनाभर बाप शेजारी बसलेला असणं मला पन्नाशीत मिळालं. 'उपासना संगीत'ची एकच प्रत आम्ही दोघं धरतो. त्यांचा अंगठा पानाच्या डाव्या बाजूला, माझा उजव्या. प्रवचन चालू असताना एखाद्या वचनाला त्यांचे ओठ नकळत हलतात. मी तिकडे बघत नाही.

परवा संध्याकाळी तलावावरून घरी आलो होतो. मी चहा टाकला होता. शेजारच्या काकू दाराशी आल्या. त्या गैबी पीराच्या उरसाला मलिदा नेणाऱ्या, दर गुरुवारी दत्ताला जाणाऱ्या, आणि पप्पांना पाळकबाबा म्हणणाऱ्या. त्यांच्या मालकांना महिन्याभरापासून बरं नाही.

"पाळकबाबा, जरा येतायसा काय? ह्यांनी तुमची आठवण काढलीया. जरा बसा त्यांच्याजवळ."

पप्पा तसेच उठले. काठी घेतली, चपलेत पाय घातला. आयुष्यभर मी हे पाठमोरं पाहिलंय, झपाझप पायऱ्या उतरून जाणारं. या खेपेला ते उंबऱ्यावर थांबले. वळले आणि माझ्याकडे बघून म्हणाले, "जाऊन येऊ का गं?"

मी गॅस बंद केला. खुंटीवरची शाल काढून त्यांच्या खांद्यावर टाकली आणि दाराला कडी लावून त्यांच्याबरोबर निघाले.